एकरी किती घरं?

आपल्या न्यू जर्सीत सध्या एका शब्दाला शिवीची कळा आली आहे. तो शब्द म्हणजे 'हाय डेन्सिटी'. "आमच्या मागच्या रिकाम्या जागेवर हाय डेन्सिटी येतेय," हे वाक्य हल्ली पॉटलकमध्ये ज्या सुरात ऐकू येतं, त्याच सुरात आपल्या पणज्या "गावात पटकी आलीय" म्हणत असतील. मग पुढची वाक्यं ओळीने येतात. शाळा भरून जातील. रस्त्यावर गाड्या मावणार नाहीत. घरांच्या किमती पडतील. आणि शेवटी, आवाज थोडा खाली आणून, "कसले कसले लोक राहायला येतील, सांगता येत नाही."

या चर्चेला निमित्तही आहे. मार्च २०२४ मध्ये तत्कालीन गव्हर्नर फिल मर्फी यांनी परवडणाऱ्या घरांच्या नव्या कायद्यावर सही केली. २०२५ ते २०३५ या दहा वर्षांत आपल्या वाट्याची परवडणारी घरं कुठे आणि कशी होतील, याचा आराखडा गावांनी ३० जून २०२५ पर्यंत मंजूर करायचा होता. बिल्डरांच्या दाव्यांपासून संरक्षण हवं असेल तर ते आवश्यकच होतं. तेव्हापासून एरवी पाच माणसंही न फिरकणाऱ्या प्लॅनिंग बोर्डाच्या सुनावण्यांना गर्दी व्हायला लागली. त्या गर्दीत आपली माणसं पुष्कळ दिसतात. विरोधाच्या अर्जांवर जोशी, पाटील, कुलकर्णी, शिंदे अशी नावं दिसतात. आपली माणसं गावच्या कारभारात लक्ष घालतात याचा मला आनंद आहे. ती कशासाठी लक्ष घालतात, यावर मात्र माझं भांडण आहे.

माझं म्हणणं सरळ आहे. ज्याला आपण 'हाय डेन्सिटी' म्हणतो ती बहुतेक वेळा हाय नसतेच. जगात जे कुणी या विषयावर अधिकाराने बोलू शकतील त्यांत मुंबई-पुण्याहून आलेला मराठी माणूस पहिल्या रांगेत बसायला हवा. तोच जर एकरी पंधरा घरांना घाबरून माईकपुढे उभा राहत असेल, तर एक तर त्याने हिशेब केलेला नाही, नाहीतर त्याला हिशेब करायचाच नाही.

तेव्हा आधी हिशेब करू.

इथे घनता मोजतात ती 'एकरी किती घरं' अशी. आपल्याकडे ऊस एकरी किती टन निघाला हे विचारतात, तसंच. एक एकर म्हणजे ४० गुंठे, म्हणजेच ४३,५६० चौरस फूट. आपल्यापैकी अनेकांचं सिंगल फॅमिली होम पाव एकरावर असतं, म्हणजे दहा गुंठ्यांवर. एकरी चार घरं झाली. टाऊनहाऊसं असतील तर एकरी साधारण आठ ते बारा. दोन मजली गार्डन अपार्टमेंट असतील तर बारा ते वीस. एकरी वीस घरं म्हटलं की एका घराच्या वाट्याला दोन गुंठे जमीन आली. पुण्याच्या किंवा नाशिकच्या कडेला दोन गुंठ्यांचा प्लॉट घेणारा माणूस पेढे वाटतो. आपल्याकडे तेवढ्यावर यार्ड साईन लागतात.

या मोजणीत एक ग्यानबाची मेख आहे, तीही ध्यानात ठेवा. निव्वळ घनता काढताना फक्त घरांच्या प्लॉटची जमीन धरतात. ढोबळ घनता काढताना रस्ते, बाग, पाणथळ जागा, सगळंच धरतात. तीच शंभर घरं एका हिशेबाने एकरी वीस होतात, दुसऱ्याने एकरी आठ. बिल्डरला घनता कमी दाखवायची असते तेव्हा तो दलदलसुद्धा मोजतो, आणि विरोधकांना जास्त दाखवायची असते तेव्हा ते पार्किंगसुद्धा वगळतात. म्हणून आकडा ऐकला की पहिला प्रश्न विचारायचा: कुठली जमीन धरून?

'हाय' कुठून सुरू होते याचं सगळीकडे चालणारं एकच उत्तर नाही. प्रत्येक गावाचं झोनिंग आपापली रेघ मारतं. पण निदान जाणत्यांचं मत तरी ऐकावं. जेन जेकब्ज या बाईंनी १९६१ साली अमेरिकन शहरांवर जे पुस्तक लिहिलं ते नगररचनेच्या विद्यार्थ्यांना आजही वाचावं लागतं. त्यांच्या मते एकरी सहा किंवा त्याहून कमी घरं हे उपनगर. दहा ते वीस हे अर्धवट उपनगर. मोठ्या शहरात रस्त्यावर खरी जान येते ती एकरी शंभराच्या आसपास. म्हणजे आपण ज्याच्या नावाने बोटं मोडतो त्याला या बाई 'अर्धवट उपनगर' म्हणतात!

मागे एका गावच्या सुनावणीला मी गेले होते. गावाचं नाव घेत नाही, कारण तुमच्या गावातही हेच घडलं असेल. दोन तास 'हाय डेन्सिटी, हाय डेन्सिटी' असा घोष चालला होता. माझ्या शेजारी बसलेल्या गृहस्थांना मी विचारलं, "एकरी किती घरं आहेत हो या प्रस्तावात?" ते म्हणाले, "ते माहीत नाही, पण फार आहेत." प्रस्तावाचा कागद पुढच्या टेबलावर ठेवलेला होता. त्यावर आकडा होता, एकरी चौदा.

चौदा म्हणजे काय, हे आपल्याला डोळे मिटून आठवायला हवं. आपल्यापैकी पुष्कळांनी अमेरिकेतला पहिला संसार कुठे मांडला? विटांच्या दोन मजली गार्डन अपार्टमेंटमध्ये. लिफ्ट नाही, तळघरात क्वार्टर टाकून चालणारी कपडे धुण्याची मशीन, भाड्यात 'हीट अँड हॉट वॉटर', आणि मधल्या हिरवळीवर झोपाळा आणि घसरगुंडी. एका हातात पोराचं बोट आणि दुसऱ्या हातात ग्रोसरीची पिशवी घेऊन आपण त्या जिन्याने चढलो. खालच्या मजल्यावरच्या कुणीतरी आपल्याला ड्रायव्हिंग शिकवलं, शेजारच्या कुणीतरी बाळंतपणात डबा दिला. अनेक मंडळांच्या पहिल्या बैठका अशाच घरांत, सोफा नसल्यामुळे सतरंजीवर झाल्या. ती घरं त्या त्या गावाने बांधू दिली म्हणून आपण या राज्यात टेकलो. आज नेमकी तशीच घरं पुन्हा बांधायची म्हटली की आपणच त्यांना 'हाय डेन्सिटी' म्हणतो. गरज सरो, वैद्य मरो, दुसरं काय?

आता दुसरा घोळ. घनता, उंची आणि दाटी या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि आपण त्यांची खिचडी करतो.

उंचीचं म्हणाल, तर मुंबईत अल्टामाउंट रोडवर अँटिलिया आहे. २७ मजले, जमीन एका एकराहून थोडी जास्त, कुटुंब एक. नोकरचाकर बाजूला ठेवले, तर 'एकरी किती घरं' या मोजपट्टीने ती इमारत आपल्या पाव एकरवाल्या सबडिव्हिजनपेक्षाही विरळ आहे! उलट वरळीच्या बीडीडी चाळी घ्या. साधारण १९२० नंतरच्या काही वर्षांत ब्रिटिश सरकारच्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने त्या बांधल्या. तळमजला आणि वर तीन मजले. एका चाळीत ८० खोल्या. वरळीला अशा १२१ चाळी, सुमारे ६० एकरांवर. गुणाकार-भागाकार केला की एकरी १६० बिऱ्हाडं येतात. टॉवर एकही नाही.

मॅनहॅटनचंही तेच. १९१० च्या जनगणनेत तिथे २३ लाखांवर माणसं राहत होती. २०२० च्या जनगणनेत १७ लाखांना थोडी कमी. १९१० साली ना एम्पायर स्टेट बिल्डिंग होती ना क्रायसलर. म्हणजे इमारती आभाळाला भिडल्या आणि राहणारी माणसं कमी झाली. एकेका खोलीत कोंबलेली कुटुंबं पाच-सहा मजली इमारतींतून बाहेर पडून मोकळ्या जागी गेली, हे त्याचं एक मोठं कारण.

आता दाटी. जेकब्जबाईंनी हा फरक स्पष्ट केला होता. एकरी घरं किती ही घनता, आणि खोलीमागे माणसं किती ही दाटी. तेव्हाच्या अमेरिकन मोजमापाने खोलीमागे दीड किंवा त्याहून जास्त माणसं असली की दाटी समजत. बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची, आणि त्यात सहा-आठ माणसं हे सर्रास दृश्य. संडास मजल्याच्या टोकाला, सगळ्यांना मिळून. हाल होते ते याचे होते. जमिनीच्या एकरावर किती दारं आहेत याचे नव्हते. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या पुनर्विकासात पहिल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांची घरं मिळाली. त्यांची दाटी एका दिवसात कमी झाली. इमारती मात्र चाळींच्या कितीतरी पट उंच झाल्या. उंची वाढली, दाटी घटली. एकाच 'गर्दी' या शब्दात हे सगळं कोंबलं की असं काही दिसतच नाही.

"मग त्या सरकारी टॉवरांचं काय झालं? पाडावेच लागले ना?" असा प्रश्न येतो. सेंट लुईसचं प्रूइट-आयगो हे त्याचं नेहमीचं उदाहरण. ३३ इमारती, ११ मजले, सुमारे ५७ एकर, २,८७० घरं. १९७२ पासून ते पाडायला सुरुवात झाली. पण हिशेब करा. एकरी ५० घरं होतात. आणि इकडे मॅनहॅटनमध्ये स्टायव्हेसंट टाऊन आणि पीटर कूपर व्हिलेज मिळून ११,२५० घरं सुमारे ८० एकरांवर उभी आहेत. एकरी १४०. जवळजवळ तिप्पट. तिथे आजही लोक राहतात आणि जागा मिळावी म्हणून धडपडतात. जे बुडालं ते विरळ होतं, जे टिकलं ते दाट होतं. देखभालीला पैसे होते का, रोजगार जवळ होता का, कुणाला तिथे ढकललं होतं आणि कोण स्वतःहून आलं होतं, यावर ते ठरलं. आकड्यावर खापर फोडणं सोपं असतं, एवढंच.

इथे एक प्रामाणिक आक्षेप येतो आणि तो मी हसण्यावारी नेणार नाही. "अगं, आम्ही मुंबईची गर्दी सोडून आलो ते मोकळ्या हवेसाठी. पुन्हा तेच इथे कशाला?" ही भावना खरी आहे. लोकलच्या दाराला लोंबकळलेला माणूस बॅकयार्डची किंमत जाणतो. पण आपण नेमकं काय सोडून आलो, याची यादी करा. पहाटे चारला येणारं पाणी. मजल्यावर एकच संडास. दहा बाय सोळाच्या खोलीत आजोबांपासून नातवापर्यंत सगळे. त्यांतलं एकही दुःख एकरी चौदा घरांत नाही. तिथे प्रत्येकाला दोन बाथरूम आहेत!

आणि आता आपण काय आठवून हळवे होतो, त्याची यादी करा. कोपऱ्यावरचा वाणी. चालत शाळा. शिवाजी पार्कचा कट्टा. पार्ल्याची पायी जाता येणारी व्याख्यानं. संध्याकाळी हाक मारली की जमणारी पोरं. दादर-माटुंग्याची वसाहत काही आपोआप उगवली नाही. १८९६ च्या प्लेगनंतर स्थापन झालेल्या सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने ती आखली. रस्ते, मोकळी मैदानं आणि तीन-चार मजली इमारती. गर्दीच्या शहरावरचा उपाय म्हणूनच ती जन्माला आली. आपल्याला जे आठवतं ते सगळं मध्यम उंचीच्या, बऱ्यापैकी दाट वस्तीचं पीक आहे. एकरी चार घरांच्या जमिनीत वाणी उगवत नाही, कारण पायी येणारी गिऱ्हाइकंच नसतात. हिंदू कॉलनीच्या आठवणीने गहिवरायचं आणि तिचा दहावा हिस्साही इथे होऊ द्यायचा नाही, ही गंमत आहे.

आता नेहमीचे आक्षेप एकेक घेऊ.

शाळा. रटगर्स विद्यापीठातल्या अभ्यासकांनी न्यू जर्सीत कुठल्या प्रकारच्या घरात शाळकरी मुलं किती असतात याचे तक्ते काढलेले आहेत. एक-दोन बेडरूमच्या अपार्टमेंटमधून शाळेत जाणारी मुलं चार बेडरूमच्या घरापेक्षा खूपच कमी असतात. यात आश्चर्य काय? शाळेचं रँकिंग बघून, मुलं पहिलीत जायच्या आत चार बेडरूमचं घर कोण घेतं? आपणच. शाळा आपण भरल्या आणि बोट अपार्टमेंटकडे दाखवलं.

किमती. हाय डेन्सिटीने किमती पडत असतील, तर होबोकनमध्ये घर का परवडत नाही? सव्वा चौरस मैलात २०२० च्या जनगणनेत ६० हजार माणसं, म्हणजे एकरी पंचाहत्तर. आपल्या एडिसनमध्ये सुमारे ३० चौरस मैलात १ लाख ७ हजार, म्हणजे एकरी पाच-सहा. होबोकनच्या जुन्या रस्त्यांवरची घरं बहुतेक चार-पाच मजली, भिंतीला भिंत लागलेली. आपली मुलं कॉलेज संपवून नोकरीला लागली की त्यांना राहायचं कुठे असतं? होबोकनला, नाहीतर जर्सी सिटीला! दुप्पट भाडं देऊन ती आपल्याच 'छान मोकळ्या' गावातून पळतात.

वाहतूक. गाड्या वाढतील, हे काही अंशी खरं आहे. पण गाडीवाचून न हलता येणारं गाव आपणच केलं आहे. १९७७ साली पुश्कारेव्ह आणि झुपान या दोघांनी वाहतुकीचा अभ्यास करून एक ठोकताळा मांडला. दर अर्ध्या तासाला बस परवडायची तर एकरी निदान सात घरं हवीत, आणि वारंवार बस हवी तर पंधराच्या आसपास. म्हणजे एकरी चार घरांवर अडून बसलेल्या गावात दर अर्ध्या तासाला बस यायचीच नाही. याची शिक्षा कोण भोगतं? सहा महिन्यांसाठी आलेले आपले आई-बाबा. पुण्यात सकाळी एकटे फिरायला जाणारे, बँकेत जाणारे, भाजी निवडून आणणारे बाबा इथे खिडकीत बसून शनिवारची वाट बघतात. आपण त्याला 'त्यांना इथे करमत नाही' म्हणतो. करमायला जागा कुठे ठेवली आहे?

आणि आता त्या खालच्या आवाजातल्या वाक्याकडे येते. "कसले कसले लोक येतील."

झोनिंगचा इतिहास या वाक्याशिवाय समजत नाही. कॅलिफोर्नियातल्या बर्कलीने १९१६ मध्ये फक्त एक-कुटुंबी घरांचा विभाग आखला, तो देशातल्या अगदी पहिल्यांपैकी. १९२६ मध्ये युक्लिड विरुद्ध अँबलर या खटल्यात सुप्रीम कोर्टाने झोनिंगला मान्यता दिली. त्या निकालपत्रात अशा वस्तीत येणाऱ्या अपार्टमेंट इमारतीला चक्क बांडगुळाची उपमा दिली आहे. घरांच्या खरेदीखतात 'अमुक वंशाच्या माणसाला विकणार नाही' अशी कलमं घालायची पद्धत होती. १९४८ च्या शेली विरुद्ध क्रेमर निकालाने कोर्टांना ती अंमलात आणायला बंदी झाली. पण वंशाचं नाव न घेता 'एवढी मोठी जागा असलीच पाहिजे' म्हटलं, की काम तेच होतं. लहान घरच बांधू दिलं नाही की लहान पगाराचा माणूस आपोआप बाहेर राहतो.

आपल्या न्यू जर्सीतच याचं मोठं उदाहरण आहे. माउंट लॉरेल गावात पिढ्यान् पिढ्या राहणाऱ्या कृष्णवर्णीय कुटुंबांना आपल्या मुलाबाळांसाठी ३६ गार्डन अपार्टमेंट्स बांधायची होती. छत्तीस! १९७० साली गावाने नकार दिला. एथेल लॉरेन्स या बाई कोर्टात गेल्या. १९७५ मध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की झोनिंग वापरून गरिबांना गावाबाहेर ठेवता येणार नाही. १९८३ मध्ये कोर्टाने तेच आणखी कडक शब्दांत बजावलं, १९८५ मध्ये कायदा झाला. एथेलबाई १९९४ मध्ये गेल्या. त्यांच्या नावाची घरं उघडली ती २००० साली. नंतर प्रिन्स्टनचे डग्लस मॅसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या वस्तीचा अभ्यास करून २०१३ मध्ये पुस्तक काढलं. त्या घरांमुळे आजूबाजूला ना गुन्हे वाढल्याचं दिसलं, ना कर वाढल्याचं, ना घरांच्या किमती पडल्याचं. तीस वर्षं भांडून गावाने जे टाळलं त्यात टाळण्यासारखं काही नव्हतंच.

'ते लोक' हा शब्द आपल्यालाही लागलेला आहे, हे विसरू नका. १९८७ साली जर्सी सिटीत 'डॉटबस्टर्स' नावाने कपाळावरच्या कुंकवाची टवाळी करत भारतीयांना मारहाण करणारी टोळी निघाली होती. तेव्हा दाट वस्तीत, भाड्याच्या घरात राहणारे 'कसले कसले लोक' आपणच होतो. आज 'परवडणाऱ्या घरात' कोण येतं? नव्या इमारतीतली साधारणपणे १५ ते २० टक्के घरं उत्पन्नाची मर्यादा असलेल्यांसाठी राखून ठेवतात. बाकीची बाजारभावाची. त्या राखीव घरांत तुमच्या मुलांना किंडरगार्टनमध्ये शिकवणारी सहायक शिक्षिका असते, आजारी आजीला अंघोळ घालणारी होम हेल्थ एड असते, देवळाच्या स्वयंपाकघरात राबणारा आचारी असतो. ही माणसं आपल्याला दिवसभर लागतात. रात्री मात्र ती चाळीस मैलांवर झोपायला जावीत, अशी आपली इच्छा दिसते.

मुंबईच्या लोकलचा अनुभव आठवतो? फलाटावर उभे असतो तोवर आपण ओरडतो, "अहो, आत सरका, आत जागा आहे!" एकदा आत शिरलो की पुढच्या स्टेशनवरच्यांना सांगतो, "जागा नाही, मागची गाडी पकडा." डब्यातली जागा तेवढीच असते. बदललेली असते ती आपली उभं राहायची बाजू.

विरोध कधीच करू नये, असं मी म्हणत नाही. सांडपाण्याची वाहिनी पुरेल का, हा खरा प्रश्न आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये आयडा वादळाच्या पावसाने या राज्यात माणसं बुडून मेली, तेव्हा पावसाचं पाणी कुठे जाणार, हाही खरा प्रश्न आहे. आणि सर्वांत मोठा प्रश्न जागेचा आहे. गावं काय करतात? स्टेशनाजवळ, मेन स्ट्रीटजवळ विरोध होतो म्हणून अपार्टमेंट नेऊन टाकतात ती हायवेच्या कडेला, गोदामांच्या मागे, जिथे फुटपाथ नाही आणि दूध आणायलाही गाडी लागते. म्हणजे घनतेचा सगळा त्रास पदरात आणि फायदा एकही नाही. मग आपण बोट दाखवतो, "बघा, हाय डेन्सिटीने वाहतूक वाढली." भांडायचं असेल तर त्या जागेवरून भांडा. 'इथे नको, स्टेशनाजवळ बांधा' असं म्हणायला जो माईकपुढे उभा राहील त्याच्या मागे मी उभी राहीन.

यात आपला स्वार्थही आहे, तो उघड सांगते. सत्तर-ऐंशीच्या दशकांत आलेली आपली पिढी आता पंचाहत्तरीला पोचली किंवा ओलांडून गेली. चार बेडरूमच्या घरात दोघं, कधी एकटंच कुणी. बर्फ काढवत नाही, जिना चढवत नाही, रात्री गाडी चालवायची भीती वाटते. प्रॉपर्टी टॅक्स देशात सर्वांत जड. घर विकून त्याच गावात, ओळखीच्या माणसांत, देवळापासून जवळ दोन बेडरूमचा फ्लॅट घ्यायचा म्हटलं तर तो नाही. का नाही? कारण पंधरा-वीस वर्षांपूर्वी तो बांधायचा प्रस्ताव आला तेव्हा आपणच विरोधाच्या अर्जावर सही केली होती. मग मुलाच्या गावी, अनोळखी ठिकाणी, तळघराच्या खोलीत उरलेले दिवस काढायचे. मराठी ज्येष्ठांसाठी काही करायला हवं, असे ठराव आपण दर अधिवेशनात करतो. पहिलं काम प्लॅनिंग बोर्डात आहे. तिथे जेवण मिळत नाही, एवढाच त्याचा दोष.

तेव्हा पुढच्या सुनावणीला जरूर जा. पण जाताना चार प्रश्न कागदावर लिहून न्या. एकरी घरं किती, आणि ती कुठली जमीन धरून? मजले किती? स्टेशन, दुकान, शाळा पायी किती मिनिटांवर? पावसाच्या आणि सांडपाण्याची सोय काय? या चारांची उत्तरं ऐकून मग काय ते बोला. उत्तरं वाईट असतील तर कडाडून विरोध करा, मीही करीन. पण उत्तर 'एकरी चौदा, तीन मजले, स्टेशन दहा मिनिटांवर' असं आलं, तर माईकपुढे जाऊन आपलं नाव आणि पत्ता सांगा आणि म्हणा, "मी या देशात आले तेव्हा अशाच घरात राहिले. हे बांधा."